पहिल्या कादंबरीची वाट : मराठी कादंबरीकार आणि प्रकाशनव्यवहार

वाङ्मयेतिहासाच्या ग्रंथांत कादंबरीकाराची पहिली कादंबरी येते ती बहुधा कंसातल्या एका सनाच्या रूपाने. नाव, कादंबरी, सन, आणि त्यानंतर लगेच कथानक, पात्रे, शैली यांची चर्चा. हस्तलिखित लेखकाच्या टेबलावरून वाचकाच्या हातात कसे गेले, मध्ये कोणाचे पैसे पडले, कोणी ते वाचले, कोणी थांबवले, कोणी बदल सुचवले, या साऱ्या गोष्टी आठवणींच्या, गौरवग्रंथांच्या आणि प्रकाशकांच्या आत्मचरित्रांच्या वाट्याला जातात. त्या रंजक असतात, म्हणूनच समीक्षेला त्या गौण वाटत आल्या असाव्यात. परंतु कादंबरी हा वाङ्मयप्रकार छपाईशी जन्मतःच बांधलेला आहे. कविता वहीत राहू शकते, मैफलीत म्हणता येते, पाठ करून पुढे देता येते. नाटकाला रंगभूमी असते. दोन-तीनशे पानांच्या गद्य कथनाला मात्र छापखान्यावाचून गती नाही. त्यामुळे पहिले पुस्तक छापून येण्याची वाट कोणत्या काळात कोणाच्या दारावरून जात होती, हा प्रश्न कादंबरीच्या रूपाचाही प्रश्न ठरतो. मराठी कादंबरीच्या इतिहासातील काही निवडक उदाहरणांच्या आधारे त्याचा विचार करता येतो.

१

'यमुनापर्यटन' १८५७ साली प्रसिद्ध झाले. बाबा पदमनजी यांनी त्यापूर्वी तीन वर्षे, म्हणजे १८५४ मध्ये, ख्रिस्ती धर्माची दीक्षा घेतली होती. मराठी गद्य छापून खेडोपाडी पोहोचवण्याची जी यंत्रणा त्या काळात सर्वांत संघटित होती ती मिशनऱ्यांची. जॉन बन्यनच्या प्रसिद्ध रूपककथेचा हरि केशवजी यांनी केलेला 'यात्रिकक्रमण' हा अनुवाद १८४१ सालीच निघाला होता. बोधपर दीर्घ कथन छापावे, ते अल्प किमतीत किंवा विनामूल्य लोकांच्या हाती द्यावे, आणि विक्रीच्या हिशेबापेक्षा प्रसाराचा हिशेब मांडावा, ही कल्पना या व्यवस्थेत रुळलेली होती. बाबा पदमनजींपुढे वाचकवर्ग तयार नव्हता. पण वाचकवर्ग तयार होण्याची वाट न पाहणारा ग्रंथव्यवहार त्यांच्यापुढे होता. पहिल्या मराठी कादंबरीला बाजाराची परीक्षा द्यावी लागली नाही, ही वस्तुस्थिती पुरेशी ध्यानात घेतली गेलेली नाही.

या वाटेचा ठसा कादंबरीच्या बांधणीवर स्पष्ट दिसतो. यमुना आणि तिचा पती प्रवासाला निघतात, ठिकठिकाणी विधवांच्या कहाण्या त्यांना भेटतात, आणि कथानक एखाद्या पाहणीच्या अहवालासारखे एकेका उदाहरणाने पुढे सरकते. पुस्तकाचे जोडशीर्षकच मुळी हिंदुस्थानातील विधवांच्या स्थितीच्या निरूपणाचा हवाला देते. पतीच्या मृत्यूनंतर यमुनेचा ख्रिस्ती धर्मात प्रवेश आणि पुनर्विवाह हा शेवट या ग्रंथव्यवहारात अपेक्षितच होता. तथापि एवढे म्हणून थांबणे अन्यायाचे होईल. प्रसाराच्या चौकटीत राहूनही बाबा पदमनजींनी समकालीन मराठी घरांतील बोलणे, वपनासारख्या रूढींचा प्रत्यक्ष तपशील आणि स्त्रीच्या दुःखाची वास्तव नोंद गद्यात आणली. ज्या व्यवस्थेने शेवट आधीच ठरवून दिला होता, तिनेच मधली पाने मोकळी सोडली, असे या कादंबरीविषयी म्हणता येईल.

त्यानंतर चारच वर्षांनी, १८६१ मध्ये, लक्ष्मणशास्त्री हळबे यांची 'मुक्तामाला' आली आणि कादंबरीने अद्भुतरम्यतेची वाट धरली. 'यमुनापर्यटना'चा वास्तववाद पुढे का चालला नाही, असा प्रश्न मराठी समीक्षेने वारंवार विचारला आहे. त्याची उत्तरे अभिरुचीच्या, संस्कृत कथापरंपरेच्या आणि पारतंत्र्यातील मनोवृत्तीच्या दिशेने शोधली गेली. त्यांत एका साध्या उत्तराची भर घालावी लागेल. मिशनच्या छत्राबाहेर कादंबरी लिहिणाऱ्याला पुस्तकाचा खर्च उभा करायचा होता. एकोणिसाव्या शतकातील कितीतरी मराठी ग्रंथांच्या आरंभी किंवा अखेरीस आश्रयदात्यांच्या नामावळी छापलेल्या आढळतात. आगाऊ वर्गणी भरणारा हा वर्ग शिक्षित, पांढरपेशा आणि बऱ्याच अंशी सरकारी नोकरीतला होता. आपल्याच घरातील विधवेची कहाणी वाचण्यासाठी त्याने आगाऊ पैसे मोजले असते काय, हा प्रश्न विचारला की अद्भुतरम्य कादंबरीच्या भरभराटीचे एक कारण हाती येते. अभिरुची आकाशातून पडत नाही. तिला पैसे मोजणारे हात असतात.

२

आश्रयदात्यांच्या यादीपेक्षा अधिक स्थिर आधार कादंबरीला मिळाला तो नियतकालिकांचा. 'विविधज्ञानविस्तार' हे मासिक १८६७ मध्ये सुरू झाले. त्याचे संपादक रामचंद्र भिकाजी गुंजीकर यांनी आपली 'मोचनगड' ही ऐतिहासिक कादंबरी त्यातूनच क्रमशः प्रसिद्ध केली आणि १८७१ मध्ये ती पुस्तकरूपाने आली. येथे लेखक आणि संपादक एकच आहेत. हस्तलिखित कोणाच्या दारात नेण्याचा प्रसंगच गुंजीकरांवर आला नाही. दार त्यांचे स्वतःचे होते. मराठी कादंबरीच्या पहिल्या टप्प्यातील ही गोष्ट अपवादात्मक नव्हे, प्रातिनिधिक आहे. स्वतःचे नियतकालिक असणे किंवा नियतकालिक चालवणाऱ्या मंडळात असणे हा कादंबरीकार होण्याचा सर्वांत खात्रीचा मार्ग होता.

हरि नारायण आपटे यांनी तो पूर्णत्वास नेला. त्यांची पहिली कादंबरी 'मधली स्थिती' १८८५ मध्ये 'पुणे वैभव' या पत्रातून येऊ लागली, तेव्हा त्यांचे वय एकवीस होते. दुसरी, 'गणपतराव', 'मनोरंजन आणि निबंधचंद्रिका' या मासिकातून येत असता अपुरी राहिली. पुढे १८९० मध्ये 'करमणूक' हे साप्ताहिक त्यांनी स्वतः काढले आणि 'पण लक्षांत कोण घेतो?' त्यातून आली. १८९३ मध्ये तिचे पुस्तक झाले. या क्रमाला अर्थ आहे. पहिली कादंबरी दुसऱ्याच्या पत्रात, दुसरी मित्रमंडळाच्या मासिकात आणि अर्धवट, तिसरी स्वतःच्या साप्ताहिकात आणि पूर्ण. आनंदाश्रमाची व्यवस्था हरिभाऊंकडे होती, त्यामुळे चरितार्थाची विवंचना त्यांना कादंबरीच्या उत्पन्नावर टाकावी लागली नाही. 'करमणूक' पुढे सत्तावीस वर्षे चालली ती या पायावर.

साप्ताहिकाच्या हप्त्यांनी हरिभाऊंच्या कादंबरीला काय दिले आणि तिच्याकडून काय घेतले? घेतले ते उघड आहे : पसरटपणा, लांबलेली निवेदने, मधूनमधून वाचकांशी होणारी प्रदीर्घ भाषणे, आणि 'कर्मयोग'सारख्या अपूर्ण राहिलेल्या कादंबऱ्या. समीक्षकांनी हे दोष नोंदवले आहेत आणि ते खरे आहेत. दिले ते कमी वेळा नोंदवले जाते. घरात दर आठवड्याला येणारा अंक एकाने मोठ्याने वाचायचा आणि बाकीच्यांनी, विशेषतः अक्षरओळख नसलेल्या स्त्रियांनी, ऐकायचा, अशा वाचनाला यमूचे प्रथमपुरुषी आत्मनिवेदन जितके जवळचे, तितके त्रयस्थ निवेदन झाले नसते. शीर्षकातील प्रश्न दर आठवड्याला त्या घरात नव्याने विचारला जात होता, आणि पुढचा अंक येईपर्यंत तो तसाच राहत होता. अर्थात, प्रकाशनाच्या वाटेनेच रूप ठरते असा सिद्धान्त येथून काढता येणार नाही. त्याच 'करमणुकी'तून 'उषःकाल'सारखी ऐतिहासिक कादंबरीही आली. वाट शक्यता उघडते. त्यांतली कोणती घ्यायची हे लेखकच ठरवतो.

याच मंडळातील काशीबाई कानिटकर यांची कहाणी हरिभाऊंच्या शेजारी ठेवून वाचली पाहिजे. विवाहानंतर वाचायला शिकलेल्या काशीबाईंना पती गोविंदराव आणि हरिभाऊ यांचे प्रोत्साहन होते, नियतकालिकाचे पानही उपलब्ध होते. 'रंगराव' ही त्यांची कादंबरी नियतकालिकातून येऊ लागली, पण पुस्तक म्हणून ती सिद्ध व्हायला १९०३ साल उजाडले. मध्यंतरी त्यांनी लिहिलेले डॉ. आनंदीबाई जोशी यांचे चरित्र पुस्तकरूपाने आलेले होते. म्हणजे चरित्रकार काशीबाई ग्रंथकार झाल्या त्या कादंबरीकार काशीबाईंच्या कितीतरी आधी. साळूबाई तांबवेकर यांची 'चंद्रप्रभाविरहवर्णन' ही कादंबरी १८७३ इतक्या लवकर येऊनही स्त्रियांच्या कादंबरीलेखनाची अखंड परंपरा तिच्यापासून सुरू झाली नाही, ही बाबही याच्याशी जोडून पाहावी लागते. स्त्रीने दुसऱ्या सन्माननीय स्त्रीचे चरित्र सांगावे याला समाजाची संमती लवकर मिळते. तिने कल्पित संसार रचावा याला ती उशिरा मिळते. हा भेद पुढे तीस वर्षांनी पुन्हा, अधिक तीव्रतेने, दिसणार होता.

३

विसाव्या शतकाच्या आरंभी काशीनाथ रघुनाथ मित्र यांच्या 'मासिक मनोरंजना'ने मध्यमवर्गीय वाचकांचा विस्तृत वर्ग एकत्र आणला. वामन मल्हार जोशी यांची 'रागिणी' तेथून क्रमशः आली व १९१५ मध्ये ग्रंथरूप झाली. वामनराव या मासिकाकडे आले ते तुरुंगवास भोगून. कोल्हापूरच्या 'विश्ववृत्ता'चे संपादक असताना त्यात छापलेल्या लेखाबद्दल त्यांना शिक्षा झाली होती. तत्त्वचिंतक संपादकाचे निबंधलेखन सरकारी नजरेखाली आल्यानंतर त्याने कादंबरीचा आश्रय घ्यावा, आणि त्या कादंबरीत पात्रांनी पानेच्या पाने स्त्रीस्वातंत्र्य, नीती आणि परमार्थ यांवर वाद घालावेत, यांत संगती दिसते. 'रागिणी'तील चर्चा कलादृष्ट्या जड झाल्या आहेत असा आक्षेप घेतला जातो. परंतु एका अंकातील मुद्द्यावर घरोघरी वाद व्हावा आणि दुसऱ्या अंकात त्याचा प्रतिवाद यावा, हे मासिकाचे स्वाभाविक चलन होते. पुस्तकात अडखळवणारी चर्चा महिन्याच्या अंतराने वाचताना अडखळवत नसावी. ग्रंथरूपात वाचणारा समीक्षक आणि अंकागणिक वाचणारा मूळ वाचक यांच्यापुढे अक्षरे तीच असली, तरी वाचनाचा अनुभव एक नव्हता.

४

नियतकालिकाचा आधार न घेता, थेट पुस्तकच काढून नव्या लेखकावर धोका पत्करणारा प्रकाशक मराठीत ठळकपणे दिसू लागतो तो १९३० नंतर. ह. वि. मोटे हे त्याचे सर्वांत बोलके उदाहरण. 'विभावरी शिरूरकर' या नावाचा 'कळ्यांचे निःश्वास' हा कथासंग्रह त्यांनी १९३३ मध्ये आणि 'हिंदोळ्यावर' ही कादंबरी १९३४ मध्ये काढली. या पुस्तकांनी उठवलेले वादळ सर्वश्रुत आहे. लेखिका कोण, ती खरोखर स्त्री आहे की स्त्रीच्या नावाआड लपलेला पुरुष, याविषयी तर्क लढवले गेले; आणि प्रकाशकाने नाव फोडले नाही.

येथे एक तपशील निर्णायक आहे. या टोपणनावामागे असलेल्या बाळूताई खरे १९३१ मध्येच ग्रंथकर्त्या झाल्या होत्या, आणि तेही स्वतःच्या नावाने. त्या पुस्तकाचे नाव 'अलंकारमंजूषा'. दागिन्यांविषयीच्या माहितीपर ग्रंथावर स्वतःचे नाव घालता येते, पण प्रौढ कुमारिकेच्या मनातील कोंडी सांगणाऱ्या कथांवर ते घालता येत नाही. काशीबाईंच्या बाबतीत जे विलंबाच्या रूपाने दिसले, ते बाळूताईंच्या बाबतीत नाव दुभंगण्याच्या रूपाने दिसते. स्त्रीशिक्षणसंस्थेत काम करणाऱ्या शिक्षिकेला नोकरी, घर आणि लौकिक हे तिन्ही सांभाळून पहिले ललित पुस्तक छापायचे होते. अशा वेळी प्रकाशक हा केवळ कागद-छपाईचा खर्च करणारा राहत नाही. तो गुपित राखणारा होतो. मोट्यांनी अंगावर घेतलेल्या जोखमीत पैशाचा भाग होता, पण लोकापवादाचा भाग त्याहून मोठा होता.

हेच मोटे १९३९ मध्ये विश्राम बेडेकरांची 'रणांगण' प्रसिद्ध करतात. बाळूताई आणि विश्राम यांचा विवाह आदल्या वर्षी झालेला होता. युरोपातून हिंदुस्थानाकडे येणारी बोट, जर्मनीतून परागंदा झालेली ज्यू तरुणी, आठ-दहा दिवसांत उमलून संपणारे प्रेम आणि क्षितिजावर महायुद्ध : फडके-खांडेकरांच्या कादंबरीवर पोसलेल्या वाचकाला हा सारा मामला परका होता. ही छोटी कादंबरी मासिकाच्या हप्त्यांत कापली असती तर तिची घट्ट वीण उसवली असती. ती सलग वाचायचीच कादंबरी आहे. हप्त्यांच्या बंधनातून मोकळा झालेला, थेट ग्रंथरूपाने येणारा मजकूर किती आटोपशीर आणि एकाग्र होऊ शकतो, याचे 'रणांगण' हे मराठीतील प्रारंभीचे उत्तम प्रमाण होय. ते शक्य झाले याचे श्रेय लेखकाच्या प्रतिभेबरोबर एका प्रकाशकाच्या वाचनशक्तीलाही दिले पाहिजे. मराठी कादंबरीच्या इतिहासात मोट्यांना तळटीपेपेक्षा मोठी जागा मिळायला हवी ती यासाठी.

५

स्वातंत्र्योत्तर काळात धोका पत्करणाऱ्या प्रकाशकाच्या जोडीला, संहितेवर लेखकाबरोबर बसून काम करणारा संपादक आला. 'मौज' आणि 'सत्यकथा' यांच्या परिवारात श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन यांनी ही रीत घडवली. हस्तलिखित बारकाईने वाचणे, लेखकाला सविस्तर पत्र लिहिणे, पुनर्लेखन सुचवणे आणि मुद्रिते काटेकोरपणे तपासणे हा या रीतीचा गाभा. व्यंकटेश माडगूळकर 'बनगरवाडी'पर्यंत (१९५५) आले ते 'माणदेशी माणसं'मधील (१९४९) व्यक्तिचित्रांच्या वाटेने. एकेका माणसाला थोडक्या पानांत उभे करण्याची शिस्त नियतकालिकाच्या पानांवर कमावल्यावर त्यांनी गावच नायक असलेली कादंबरी लिहिली, आणि त्या कादंबरीतही ती शिस्त कायम राहिली. आनंद यादवांची 'गोतावळा' (१९७१) आणि किरण नगरकरांची 'सात सक्कं त्रेचाळीस' (१९७४) या दोन पहिल्या कादंबऱ्याही मौजेच्याच. एक शेतमजुराच्या बोलीत सलग निवेदन करणारी, दुसरी महानगरातील विस्कळीत जाणिवेला विस्कळीत रूप देणारी. इतक्या भिन्न प्रकृतीच्या पहिल्या कादंबऱ्या एकाच घरातून निघाव्यात, हे त्या संपादनदृष्टीच्या व्यापकतेचे गमक आहे.

पण या दाराला उंबरठा होता, आणि त्याची उंची सर्वांना सारखी नव्हती. 'सत्यकथे'च्या अभिरुचीविरुद्धचा असंतोष साठच्या दशकात लघुनियतकालिकांतून प्रकट झाला. १९५५ च्या 'शब्द'पासून सुरू झालेली ही परंपरा 'असो', 'वाचा', 'येरू', 'फक्त' अशा अंकांतून वाढली. १९६९ मध्ये राजा ढाले यांनी 'सत्यकथे'चा अंक जाळण्यापर्यंत हा विरोध गेला. या चळवळीने छपाईची मक्तेदारी मोडली. सायक्लोस्टाईलवर काढलेले अंकही वाङ्मयाचे वाहक ठरू शकतात हे सिद्ध केले. मात्र तिच्या मर्यादेची एक बाजू दुर्लक्षित राहिली आहे. लघुनियतकालिकाची पाने थोडी, आयुष्य अनिश्चित आणि पैसा त्याहून अनिश्चित. त्यात कविता मावली, निबंध मावला, जाहीरनामा मावला. कादंबरी मावली नाही. या चळवळीने मराठी कविता बदलली, पण तिच्या पिढीतील कादंबरीकाराला पुस्तकासाठी प्रस्थापित प्रकाशकाकडेच जावे लागले.

भालचंद्र नेमाडे यांची 'कोसला' (१९६३) हे त्याचे लक्षणीय उदाहरण. लेखक पंचविशीतला, नावावर पुस्तक नाही, लेखन प्रचलित कादंबरीच्या संकेतांची उघड टर उडवणारे. ती प्रकाशित केली पुण्याच्या देशमुख आणि कंपनीने, रा. ज. देशमुखांच्या प्रोत्साहनाने. याच संस्थेने चार वर्षांपूर्वी वि. स. खांडेकरांची 'ययाति' (१९५९) काढली होती. ज्या कादंबरीपरंपरेवर नेमाड्यांनी पुढे समीक्षेतून कठोर प्रहार केले, तिची सर्वांत यशस्वी कृती आणि त्या परंपरेला छेद देणारी पहिली कृती एकाच ग्रंथसूचीत शेजारी छापल्या गेल्या. 'ययाति'च्या लेखकाला १९७४ चा आणि 'कोसला'च्या लेखकाला २०१४ चा ज्ञानपीठ पुरस्कार मिळाला, हे पाहता देशमुखांच्या निवडीविषयी आणखी काही सांगण्याची गरज उरत नाही. प्रस्थापित आणि बंडखोर अशी साहित्यिकांची सरळ विभागणी प्रकाशनव्यवहाराच्या कसोटीवर टिकत नाही, एवढे मात्र यातून नोंदवावे लागते. लोकप्रिय लेखकाच्या विक्रीतून जमलेल्या भांडवलावर अनोळखी लेखकाचा धोका पत्करणे हा चांगल्या प्रकाशकाचा जुनाच व्यवहार आहे. 'कोसला'ला तो व्यवहार उपयोगी पडला असेल, तर खांडेकरांच्या वाचकांनीच नकळत खांडेकरांच्या विरोधकाचे पहिले पुस्तक पोसले असे म्हणावे लागेल.

६

ज्यांना मासिकाचे मंडळ नव्हते, संपादकाचे पत्र येण्याइतका पत्ता स्थिर नव्हता आणि आश्रयदात्यांची नामावळही नव्हती, त्यांची वाट वेगळीच होती. अण्णा भाऊ साठे पुस्तकापर्यंत आले ते शाहिरी, लोकनाट्य आणि पक्षाची साप्ताहिके यांतून. लाल बावटा कलापथकाच्या प्रयोगांत हजारोंच्या समुदायाने त्यांना आधी ऐकले; वाचकांनी नंतर वाचले. 'फकिरा'च्या (१९५९) निवेदनात प्रसंग भराभर उभे राहतात, संवाद टाळीच्या जागेवर येऊन थांबतात, आणि नायकाची पहिली ओळखच एखाद्या प्रवेशासारखी होते. याला कलात्मक संयमाचा अभाव म्हणण्यापूर्वी, हा लेखक कोणत्या श्रोत्यांसमोर घडला याचा विचार व्हायला हवा होता. हरिभाऊंच्या पसरटपणाची कारणमीमांसा साप्ताहिकाच्या गरजेने करणाऱ्या समीक्षेने अण्णा भाऊंना ती सवलत क्वचितच दिली.

दलित लेखकांच्या पुढच्या पिढीला १९६७ पासून 'अस्मितादर्श'चे व्यासपीठ मिळाले. पण तिच्या दीर्घ गद्यकथनाला मोठ्या वाचकवर्गापर्यंत नेले ते १९७० नंतरच्या ग्रंथालीच्या वाचक-चळवळीने. दया पवारांचे 'बलुतं' १९७८ मध्ये आणि लक्ष्मण माने यांचे 'उपरा' १९८० मध्ये ग्रंथालीने प्रसिद्ध केले. 'उपरा' हे माने यांचे पहिलेच पुस्तक. वाचकांकडून आगाऊ पैसे घेऊन अल्प किमतीत पुस्तक देण्याची ग्रंथालीची योजना म्हणजे एकोणिसाव्या शतकातील आश्रयदात्यांच्या यादीचे लोकशाहीकरण होते. शंभर वर्षांपूर्वी ज्या वर्गाने स्वतःच्या घरातील दुःखासाठी आगाऊ वर्गणी भरली नसती, त्याच वर्गाचे वारस आता गावकुसाबाहेरच्या दुःखासाठी ती भरत होते. याला अभिरुचीचा विकास म्हणता येईल. दुःख दूरचे असले की वाचणे सोपे जाते, असेही म्हणता येईल. दोन्ही विधानांत तथ्य आहे.

मात्र या वाटेनेही आपली अट घातलीच. दलित आणि भटक्या-विमुक्त समाजातील लेखकाकडून प्रकाशकाने आणि वाचकाने मागितले ते आत्मकथन. कादंबरी मागितली नाही. 'हे सारे खरे घडले आहे' ही हमी या लेखनाच्या स्वीकाराची पूर्वअट बनली. त्यातून मराठी गद्याला असाधारण पुस्तके मिळाली यात शंका नाही. परंतु कल्पिताचा अधिकार, म्हणजे न घडलेले रचण्याचा, अनेक पात्रांच्या मनांत शिरण्याचा, स्वतःला कथनातून वगळण्याचा अधिकार, या लेखकांना उशिरा आणि अपुरा मिळाला. काशीबाईंचे चरित्र 'रंगराव'च्या आधी, बाळूताईंचा माहितीग्रंथ 'विभावरी'च्या आधी, आणि दलित लेखकाचे आत्मकथन त्याच्या कादंबरीच्या आधी : तीन वेगवेगळ्या काळांतील या तीन गोष्टींत एकच सूत्र आहे. समाज नवागताला साक्ष देण्याची परवानगी आधी देतो. कल्पना करण्याची परवानगी नंतर.

७

पुढच्या काळात वाटा वाढल्या. १९६७ च्या सार्वजनिक ग्रंथालय कायद्यामुळे अनुदानित ग्रंथालयांची खरेदी हा मराठी प्रकाशकाचा मोठा आधार झाला आणि हजार-अकराशे प्रतींची आवृत्ती खपण्याची काहीशी शाश्वती आली. राज्याच्या साहित्य आणि संस्कृती मंडळाने नवलेखकांच्या पहिल्या पुस्तकांसाठी अनुदान ठेवले. राज्य पुरस्कारांत 'प्रथम प्रकाशन' असा स्वतंत्र विभाग झाला. खिळ्यांची जुळणी जाऊन संगणकीय अक्षरजुळणी आल्यावर तालुक्याच्या गावीही प्रकाशनसंस्था उभ्या राहिल्या. लेखकाने स्वतः खर्च करून पुस्तक काढणे, ज्याची कुजबुज पूर्वी दबल्या आवाजात होई, ते सर्रास होऊ लागले. दार उघडे झाले, पण दारात उभे राहून वाचणारा माणूस कमी झाला. मोट्यांची जोखीम, भागवतांचे पत्र आणि देशमुखांचा आग्रह यांची जागा अनुदानाच्या अर्जाने भरून निघत नाही. तशी ती अनुदानाअभावी बंद राहिलेल्या दारानेही भरून निघत नव्हती. जुन्या व्यवस्थेचा गौरव करताना ती ज्यांच्यापर्यंत पोहोचली नाही त्यांचा विसर पडू नये.

या साऱ्या विवेचनाला एक मर्यादा स्वभावतःच आहे. येथे आलेली प्रत्येक कादंबरी अखेर छापली गेलेली आहे. ज्या हस्तलिखितांना कोणतीच वाट सापडली नाही, ती या इतिहासात नाहीत, आणि कोणत्याच इतिहासात नाहीत. त्यांच्या अस्तित्वाचा पुरावा उरलाच असेल तर तो प्रकाशकांच्या जुन्या पत्रव्यवहारात, नकाराच्या पत्रांत, नियतकालिकांच्या साभार परत केलेल्या लेखनाच्या नोंदवह्यांत असणार. प्रकाशनसंस्था बंद पडतात, जागा बदलतात, वारस बदलतात, आणि ही कागदपत्रे सर्वांत आधी रद्दीत जातात. लेखकाच्या हस्ताक्षरातील पान जपावे हे मराठी संस्थांना आता पटू लागले आहे. प्रकाशकाची आवक-जावक वही जपावी हे अद्याप पटायचे आहे. मराठी कादंबरीचा इतिहास पुन्हा लिहायचा झाल्यास त्याचे पहिले काम त्या वह्या मिळवण्याचे असेल. त्यांत काय छापले गेले हे तर कळेलच. शिवाय मराठी समाजाने कोणाला कल्पना करू दिली नाही, याचाही हिशेब कदाचित त्यांतच लिहिलेला सापडेल.